मेक्सिकन संध्याकाळ आणि मुकुंदरावांचे दोन दात

भोपाळला लोक तलाव बघायला जातात. मी दात बघायला गेलो. दोनच दात, वरचे, समोरचे, आणि तेही मीच बसवलेले.

मी कऱ्हाडला सव्वीस वर्षं दातांचा दवाखाना चालवतो. प्रवासात इतरांना डोंगर, नद्या, देवळं दिसतात; मला आधी समोरच्या माणसाचं तोंड दिसतं. या सवयीवर माझ्याकडे औषध नाही. तेव्हा या लेखात भोपाळपेक्षा भोपाळकरांच्या दातांचं वर्णन जास्त झालं, तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

माझी धाकटी बहीण सुधा लग्न होऊन भोपाळला गेली त्याला वीस वर्षं झाली. तिचे यजमान मुकुंदराव मूळचे उज्जैनचे. भोपाळात गोविंदपुऱ्याजवळ सरकारी मालकीचा मोठा कारखाना आहे, विजेची अवजड यंत्रं बनवणारा. तिथे तांब्याच्या कॉइल गुंडाळण्याच्या खात्यात ते फोरमन. पण ही झाली पोटापाण्याची गोष्ट. मुकुंदराव खरे ट्रम्पेटवाले. कारखान्याचा स्वतःचा बँड आहे, आणि अप्रेंटिस म्हणून लागले तेव्हापासून त्या बँडचा ट्रम्पेट त्यांच्या ओठाला आहे.

गेल्या जूनमध्ये रस्त्यावर सांडलेल्या तेलावरून त्यांची स्कूटर घसरली. हातपाय वाचले, समोरचे दोन दात गेले. ते रजा टाकून कऱ्हाडला आले आणि मी त्यांना दोन दातांची छोटी कवळी करून दिली. करून दिली म्हणजे काय, जीव ओतून केली. पाहुण्याचं तोंड, त्यातून बहिणीचा नवरा. दोन्ही दात सरळ, पांढरेशुभ्र, एकमेकांना अगदी चिकटून उभे. मी ते काम कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो.

फेब्रुवारीत सुधाचं पत्र आलं. 'दादा, तू दोन दिवस येऊन जा. आमच्या टाउनशिपच्या फिल्म सोसायटीत जुना मेक्सिकन सिनेमा आहे, आणि नंतर त्याच मुलखाचं संगीत आमचीच माणसं वाजवणार आहेत. घरी तेवढंच सांग. खरं कारण आलास की सांगते. येताना तुझी हत्यारं आण.'

शेवटच्या वाक्यावर बायको म्हणाली, "सिनेमाला हत्यारं कशाला?" मी बॅग भरली.

शुक्रवार, टाउनशिप

हबीबगंज स्टेशनवर उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मुकुंदराव पाळीवर, त्यामुळे रिक्षा करून एकटाच निघालो. ज्यांनी सरकारी कारखान्याची वसाहत पाहिली नाही त्यांना सांगतो, तिथे रस्ते रुंद, झाडं एका ओळीत आणि घरं एका साच्यातली असतात. पिवळ्या भिंती, हिरवी दारं, दारासमोर तेवढीच बाग, बागेत तेवढाच पेरू. पडदेसुद्धा एकाच सहकारी भांडारातले. नंबर वाचून मी आत शिरलो, चपला काढल्या, खुर्चीत बसलो. आतून एक बाई आल्या, हसल्या, पाण्याचा पेला दिला. दात फार सुरेख, एकही भरलेला नाही. पाठोपाठ स्टीलच्या पेल्यातून कॉफी आली. मला वाटलं, सुधाची शेजारीण मदतीला आली असेल. बाईंना वाटलं, आपल्या यजमानांकडे कोणी ऑफिसचं माणूस आलं असेल. अर्धी कॉफी संपल्यावर मी "सुधा कुठे आहे?" असं विचारलं आणि खुलासा झाला. नंबर बरोबर होता, सेक्टर चुकला होता. त्या तमिळ बाईंनी कॉफी पूर्ण प्यायल्याशिवाय मला उठू दिलं नाही आणि शेवटी सुधाच्या दारापर्यंत मला पोचवलं.

"दादा, तू आधी नहाऊन घे, मग नाश्ता करून घे," सुधा म्हणाली. वीस वर्षांत माझ्या बहिणीचं मराठी असं झालं आहे. नाश्त्याला पोहे, पोह्यांवर शेव, आणि त्याच बशीत जिलबी. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं आणि लिंबू, जिलबी लग्नात. पहिला घास मी संशयाने घेतला. तिसऱ्या घासाला मी कऱ्हाडचं नाव काढणं बंद केलं.

मग तिने कारण सांगितलं. मुकुंदरावांनी आठ महिन्यांत एकदाही चारचौघांत ट्रम्पेट वाजवला नव्हता. पंधरा ऑगस्टला म्हणाले, सर्दी आहे. सव्वीस जानेवारीला म्हणाले, आता नव्या पोरांना वाव द्यावा. उद्याच्या कार्यक्रमात नऊ वादक होते, तालमी दीड महिना चालल्या, सगळ्या धुना मुकुंदरावांनीच कॅसेटवरून ऐकून सारेगममध्ये लिहून दिल्या होत्या. पण तालमीत ते ट्रम्पेट मांडीवर ठेवून हाताने ताल देत बसायचे.

"आणि हे बघ," म्हणून तिने कपाटाच्या खणातून एक कागद काढला. वेलफेअर खात्याला अर्ज. ट्रम्पेट कारखान्याच्या मालकीचा, मुकुंदरावांच्या नावावर दिलेला. तो 'प्रकृतीच्या कारणास्तव' परत जमा करून घ्यावा अशी विनंती होती. तारीख सोमवारची घातली होती. "उद्याचा कार्यक्रम त्यांच्याशिवाय झाला की सोमवारी देऊन टाकणार. मला बोलले नाहीत. खणात मिळाला."

"दातांचं काही म्हणतात का?"

"म्हणतात, दात बढिया आहेत."

संध्याकाळी भोंगा झाला आणि रस्ताभर सायकली आल्या. त्यात मुकुंदराव. उंच, शिडशिडीत, बोलायला गोड. मला वाकून नमस्कार केला. मी दातांचं विचारलं. ते तोंड न उघडता हसले आणि म्हणाले, "अरे दादा, एकदम फर्स्ट क्लास. काही तकलीफ नाही. चहा घेऊन घ्या." त्या रात्री जेवताना मी बघत होतो. ते समोरच्या दातांनी काहीही तोडत नव्हते, आणि पाणी पिताना पेला ओठांच्या कोपऱ्याला लावत होते. माझ्या कामात काहीतरी खोट होती आणि माणूस भिडेपोटी बोलत नव्हता. मला झोप लागली नाही.

शनिवार, मिसरोदच्या पुढे

सकाळी मी त्यांना ओसरीत उजेडाकडे तोंड करून बसवलं. "आ करा." ते टाळत होते. सुधा दारात उभी राहिली तेव्हा त्यांनी आ केला आणि मी आरसा आत घातला.

डाव्या दाताला कोणीतरी कानस लावली होती. मागून, बाजूने, कडेने. सव्वीस वर्षांत मी किडलेले, पडलेले, भावाने ठोसा मारून मोडलेले दात पाहिले. कानस लावलेला दात पहिल्यांदा पाहिला. इतका घासला होता की तो बुडाशी हलत होता, आणि हलू नये म्हणून त्याच्या मुळाशी तपकिरी, चकचकीत काहीतरी लावलं होतं.

"हे काय आहे?"

"वार्निश आहे, दादा. आमच्या कॉइलला लावतो न, तेच. एकशे तीस डिग्रीपर्यंत काही होत नाही त्याला."

मी चिडलो. चांगला चिडलो. काय बोललो ते इथे लिहीत नाही, पण तोंड आणि कॉइल यातला फरक मी त्यांना सुमारे दहा मिनिटं समजावून सांगितला. ते मान खाली घालून ऐकत होते. तेवढ्यात माझी भाची अंजली, कॉलेजच्या पहिल्या वर्षातली, आतून एक गुंडाळी घेऊन आली.

"मामा, डांटू नका न बाबांना. हे आधी बघून घ्या. रिव्हिजन थ्री आहे."

ती गुंडाळी म्हणजे माझ्या दातांचं ड्रॉइंग होतं. माझ्या म्हणजे मुकुंदरावांच्या. समोरून, बाजूने आणि वरून, तीन बाजूंनी काढलेलं, कडेने बाण आणि मापं, खाली कोपऱ्यात सही. त्यात डावा दात उजव्यापेक्षा जरासा आत होता, किंचित तिरका, आणि दोघांच्या मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट.

"मापं कुठून घेतली?" मी विचारलं.

मुकुंदरावांनी खिशातून एक आखूड पिवळी पेन्सिल काढली. विचार करताना पेन्सिल चावायची त्यांची जुनी सवय. अपघाताच्या आधीची पेन्सिल टेबलाच्या खणात राहून गेली होती. तिच्यावरचे स्वतःच्या जुन्या दातांचे वण त्यांनी केसाएवढं माप घेणाऱ्या व्हर्नियर पट्टीने मोजले होते. तीनदा मोजले, तीनदा ड्रॉइंग सुधारलं, आणि जेवणाच्या सुट्टीत, तपासणीच्या भिंगाखाली, माझ्या कवळीला कानस मारली.

मी खाली बसलो. ट्रम्पेटचं तोंड ओठांवर टेकतं आणि ओठ दातांवर. या माणसाचे ओठ पंचवीस वर्षं एका तिरक्या दाताला आणि एका फटीला सरावले होते. त्याच फटीतून त्यांचा वारा जायचा. आणि मी ती फट बुजवली होती. दोन्ही दात रांगेत उभे केले होते. का, तर ते मला छान दिसत होते. मुकुंदरावांना मी एका शब्दाने विचारलं नव्हतं. पेशंटला काय विचारायचं, अशी माझी पद्धत होती.

"मला का नाही सांगितलंत?"

"इतके सुंदर दात दिलेत तुम्ही, दादा. त्याला काय बोलणार? मला वाटलं, आपणच थोडं ॲडजस्ट करून घेऊ."

सकाळचे अकरा वाजले होते. सिनेमा सहाला. मी म्हटलं, ड्रॉइंग द्या इकडे. तुमच्या मापाने करतो. पण बसवायचं, वाजवून बघायचं, पुन्हा काढायचं, असं दहादा करावं लागेल. त्यावर सुधा म्हणाली, इथे नाही जमणार. गल्लीत रात्रपाळीची माणसं झोपलेली असतात; दुपारी चारपर्यंत इथे लोक कुकरची शिट्टीसुद्धा होऊ देत नाहीत. ट्रम्पेट वाजवला तर सगळी गल्ली दारात येईल.

म्हणून आम्ही स्कूटर काढली. पुढे मुकुंदराव, मागे मी, मध्ये ट्रम्पेटची पेटी, माझ्या गळ्यात हत्यारांची बॅग आणि खांद्याला गरम पाण्याचा थर्मास. होशंगाबाद रस्त्याने मिसरोद गाव मागे टाकलं आणि दोन्ही बाजूंना गहू-हरभऱ्याची शेतं लागली. तिकडची माती काळी, जवळजवळ निळसर. एका विहिरीच्या कठड्यावर मी रुमाल पसरला, आणि माझा दवाखाना सुरू झाला.

डावा दात करवतीने कवळीतून सोडवला. वार्निश खरवडून काढलं, त्याला अर्धा तास गेला. वार्निश चांगलं होतं हे मला मान्य करावं लागलं. बॅगेत नेहमीचे चार-सहा जास्तीचे दात होते, त्यातला एक घेतला, ड्रॉइंग गुडघ्यावर ठेवलं आणि तो जरा आत, जरा तिरका धरून पावडर आणि द्रवाच्या लगद्यात बसवला. मग लगदा घट्ट व्हावा म्हणून थर्मासच्या झाकणात गरम पाणी ओतून त्यात कवळी बुडवली आणि दोघे घड्याळाकडे बघत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी पेशंटच्या ड्रॉइंगवरून दात बसवत होतो, आणि तोही मुद्दाम वाकडा.

पहिल्यांदा कवळी घालून त्यांनी फुंकर मारली तेव्हा नुसता वारा आला. मी उजव्या दाताची आतली कड घासली. दुसऱ्यांदा सूर आला पण वर चढेना. शेताचा मालक, पांढऱ्या मिशांचा म्हातारा, कडुनिंबाची काडी चावत येऊन उभा राहिला. सत्तरीच्या पुढचा, आणि तोंडात सगळे दात. मला त्याचा हेवा वाटला, आणि धंद्याच्या दृष्टीने थोडी चिंताही.

"क्यों साहब," त्याने विचारलं, "बाजा बिगड़ा है कि मुँह?"

"मुँह," मुकुंदराव म्हणाले.

"तो बाजा काहे घिस रहे हो?" माझ्या हातात त्या वेळी दात होता, पण म्हाताऱ्याला लांबून ते ट्रम्पेटचं तोंड वाटलं असावं. उत्तराची वाट न बघता त्याने बांधावर काटक्या पेटवल्या आणि हिरव्या हरभऱ्याचे डहाळे भाजले. आपण ज्याला हुळा म्हणतो त्याला तिकडे होरा म्हणतात. काळे हात, काळी तोंडं, आणि खातो आहोत तो हरभरा इतका गोड की मी मुकुंदरावांना कवळी काढून खायला लावलं.

फट मात्र राहिली होती. ती मी शेवटी ठेवली होती, कारण एकदा जास्त घासलं की परत भरता येत नाही. ड्रॉइंगवर तिचं माप होतं. मी पातळ पट्टीची कानस घेतली आणि दोन दातांच्या मध्ये चारच हात मारले. त्यांनी कवळी घातली, जिभेने चाचपली, आणि तसेच थांबले. डोळे भरून आले होते.

"आहे," ते म्हणाले. "इथेच होती."

मग त्यांनी ट्रम्पेट उचलला. पहिला सूर थरथरला, दुसरा सरळ गेला, आणि तिसरा वर चढून त्या सगळ्या शिवारावर उभा राहिला. म्हातारा काडी चावायची थांबला. मी मात्र खूश झालो नाही. लगदा नुकताच घट्ट झाला होता. शेतात दोन मिनिटं टिकणं वेगळं आणि शेकडो लोकांसमोर तासभर टिकणं वेगळं. परतताना स्कूटरवर मी त्यांना सांगितलं, दाताला भेग गेली तर आवाज येईल, लगेच थांबायचं, गिळू नका.

शनिवार संध्याकाळ, कम्युनिटी हॉल

हॉलच्या दारात साडेपाचला गोंधळ होता. फिल्म सोसायटीचे सेक्रेटरी जोसेफसाहेब, डिझाइन खात्यातले केरळी इंजिनियर, घामाघूम झाले होते. मेक्सिकन वाजंत्र्यांकडे एक मोठ्या पोटाची जाडी गिटार असते, तिच्याशिवाय ते संगीत उभंच राहत नाही. ती भोपाळात कुठे मिळणार? म्हणून लाकडी साचे बनवणाऱ्या विभागातल्या रामसेवक मिस्त्रीने कॅसेटच्या वेष्टनावरचं चित्र बघून ती स्वतःच बनवली होती, यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्यांतून, सुट्टीच्या वेळात. पण बनवली होती कारखान्यात. आणि कारखान्यातून एक खिळासुद्धा गेटपासशिवाय बाहेर येत नाही. पहारेकऱ्याने गिटार अडवली होती.

पावणेसहाला रामसेवक धावत आला, डोक्यावर गिटार, हातात कागद. गेटपासावर वस्तूचं वर्णन लिहावंच लागतं. कारकुनाने बराच विचार करून लिहिलं होतं: 'लकड़ी का पैटर्न, बड़ा, बजने वाला, एक नग, वापसी योग्य.' जोसेफसाहेबांनी तो कागद वाचला आणि हसत हसत खिशात ठेवला.

एरवी सोसायटीच्या सिनेमाला तीस माणसं येत. त्या दिवशी संगीताच्या आशेने हॉल भरला होता. मुलं सतरंजीवर, बायका खुर्च्यांत, मागे पाळीवरून सरळ आलेले कामगार. मराठी मंडळाची सगळी रांग एका बाजूला. माझ्या मागे नागपूरकडचे एक काका-काकू होते.

सिनेमा काळा-पांढरा, चाळीस वर्षं जुना. उघडी माळरानं, निवडुंगासारखी तलवारी पानांची झाडं, आणि वर ढग असे की दिग्दर्शकाने एकेक जागा सांगून उभे केले असावेत. गोष्ट सोपी. एक घोडेवाला गाणारा गडी, एक जमीनदाराची मुलगी, एक मिशीवाला दुष्ट. गड्याची टोपी एवढी मोठी की आमच्याकडे तिच्यात पापड वाळवले असते. दात अप्रतिम. कॅमेरा जवळ गेला की बत्तीसच्या बत्तीस. दुष्टाचा मात्र वरचा सुळा किडका होता, आणि तो दुष्ट का झाला असावा हे मला पटलं.

भाषा स्पॅनिश, खाली इंग्रजी अक्षरं. ती पळत होती. मागे काकू विचारत, "काय म्हणते आहे ती?" पडद्यावर नायिका दोन मिनिटं रडत बोलली होती. काका म्हणाले, "नाही म्हणून राहिली." थोड्या वेळाने पुन्हा तेच. "आता?" "आता हो म्हणून राहिली." काकांचं भाषांतर मला खालच्या अक्षरांपेक्षा बरं वाटलं.

आणि मग तो प्रसंग आला ज्यासाठी जोसेफसाहेबांनी हा सिनेमा मागवला होता. गडी रात्री मुलीच्या खिडकीखाली येतो, एकटा नाही, आठ वाजंत्री घेऊन. व्हायोलिनं, गिटारी, दोन ट्रम्पेट. आपण मुलगी बघायला जाताना चार वडीलधारी नेतो, तिकडे बँड नेतात. आमच्याकडे असं कोणी केलं असतं तर मुलीच्या बापाने वरून बादली ओतली असती. पण तो गाऊ लागला, आणि मध्येच थांबला, आणि ट्रम्पेटने त्याचं वाक्य पुरं केलं. हॉलमध्ये सुई पडल्याचा आवाज ऐकू आला असता. माझ्या शेजारी मुकुंदराव बसले होते, आणि त्यांची बोटं मांडीवर, न दिसणाऱ्या कळा दाबत होती.

सिनेमा संपला, पडदा तसाच ठेवून त्याच्यापुढे नऊ खुर्च्या मांडल्या. दोन शाळाशिक्षिका आणि तीन कामगार व्हायोलिनवर, फाउंड्रीतला एक जण आणि अंजली गिटारवर, रामसेवकची मोठी गिटार त्याच्याच पोटावर, आणि टोकाला मुकुंदराव. पहिल्या धुनेत ते फक्त मागे साथ देत राहिले. मी त्यांच्या ओठाकडे बघत होतो. सुधा माझ्याकडे बघत होती.

दुसरी धून खिडकीखालचीच. व्हायोलिनं थांबली. जिथे पडद्यावर गड्याने ट्रम्पेटला जागा करून दिली होती, ती जागा आली. मुकुंदराव उठून उभे राहिले. एक क्षणभर काहीच आलं नाही. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. माझ्या मनात फक्त तो लगदा होता. मग सूर आला, गोल, भरलेला, घाई नसलेला, आणि चढत चढत दुपारी शेतावर उभा राहिला होता त्याच्याही वर गेला. तिथे तो थांबला आणि थांबूनच राहिला. मागचे कामगार उभे राहिले. कोणीतरी म्हणालं, "फोरमनसाब आ गए वापस."

टाळ्या थांबेनात. आणि मग मराठी मंडळाच्या रांगेतून, संगीत नाटकं बघत वाढलेल्या त्या माणसांकडून, आलं: "वन्स मोअर."

जोसेफसाहेब गोंधळले. त्यांच्याकडे ही पद्धत नाही. त्यांना वाटलं, लोक सिनेमा पुन्हा मागताहेत. काकांनी समजावलं, पण तोवर त्यांच्या डोक्यात काही वेगळंच आलं होतं. ते धावत प्रोजेक्टरच्या खोलीत गेले. दिवे मालवले. पडद्यावर पुन्हा तीच खिडकी, तोच गडी, तेच आठ वाजंत्री, पण या वेळी आवाज बंद. आणि खाली आमचे नऊ जण. गड्याने तोंड उघडलं तेव्हा व्हायोलिनं गायली. तो थांबला, आणि पडद्यावरच्या मेक्सिकन वाजंत्र्याने ट्रम्पेट वर उचलला त्याच घटकेला मुकुंदरावांनी आपला उचलला. पडद्यावर ओठ त्या वाजंत्र्याचे होते, सूर गोविंदपुऱ्याचा होता. एवढ्या लांबून आलेल्या सिनेमाला भोपाळच्या एका फोरमनने आपला श्वास दिला, असं मला वाटलं, आणि ते मी तसंच लिहितो.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. सुधाने माझा दंड इतका दाबला होता की दुसऱ्या दिवशी निळा झाला. पुन्हा वन्स मोअर आला तेव्हा मुकुंदरावांनी हात जोडले, आणि हसले. आठ महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडून हसले. दात जागेवर होते.

रविवार

दुपारी दाल-बाफले केले होते. बाफला म्हणजे उकडून मग भाजलेला कणकेचा गोळा, तो फोडून तुपात बुडवतात आणि वरून डाळ. आमच्याकडे अतिथीला आग्रह करतात. माळव्यात त्याला झोपवूनच सोडतात. मुकुंदराव तो कडक बाफला हाताने न फोडता पुढच्या दातांनी फोडत होते, मला दाखवायला. मी त्यांना दोनदा रागावलो. जेवणं झाल्यावर त्यांनी खणातला अर्ज काढला, मधोमध फाडला, आणि कोऱ्या बाजूंवर पुढच्या कार्यक्रमाच्या धुना लिहायला घेतल्या. शेजारचे तीन जण दात दाखवायला येऊन गेले. मी सगळ्यांना तपासायच्या आधी विचारलं, तुम्हाला काय हवं आहे?

संध्याकाळी हबीबगंजला सोडायला सगळे आले. मुकुंदराव आणि अंजली माझ्यासाठी नमकीन आणायला गेले तेव्हा सुधा फलाटावर माझ्याजवळ राहिली.

"दादा, एक सांगू? रागावणार नाहीस न?"

"सांग."

"तुझे दात फार सुंदर होते. पण मी रोज ताट वाढून त्यांच्या समोर बसायची न, तर वाटायचं कोणी परका माणूस जेवायला येऊन बसला आहे. आठ महिने. त्यांना नाही बोलले. तुला कसं लिहिणार?"

ट्रम्पेटसाठी मी वाकडा दात बसवला होता. त्या दाताची आणखी कोणी वाट बघत असेल हे मला सुचलंच नव्हतं.

गर्दीतून मुकुंदराव येताना दिसले. हातात पुड्या, आणि आम्हाला बघून लांबूनच हसत होते, तिरका दात, मधली फट, सगळ्यासकट. सुधाने त्यांच्याकडे पाहिलं आणि लाजली. वीस वर्षांच्या संसारानंतर, भर फलाटावर, सख्ख्या भावासमोर लाजली. मी बॅग उचलली आणि मुकाट्याने डब्यात चढलो.